अमेरिकेत बिऱ्हाड हलवताना मुलांची शाळा: पब्लिक की प्रायव्हेट, हे कसं ठरवायचं

आठ वर्षांत आम्ही तीनदा बिऱ्हाड हलवलं. पहिल्यांदा पुण्याहून न्यू जर्सीला, मग नवऱ्याची नोकरी बदलली म्हणून डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात, आणि दोन वर्षांपूर्वी नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक काउंटीत. निघालो तेव्हा थोरली पाच वर्षांची होती आणि धाकटा दोन. दोघांच्या मिळून चार प्राथमिक शाळा झाल्या, तीन पब्लिक आणि एक प्रायव्हेट. त्यामुळे ओळखीत कुणाची बदली झाली की फोन मला येतो. परवाही आला, एका मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचा. ती ऑस्टिनला निघाली आहे. "ताई, एकच सांग, पब्लिक की प्रायव्हेट?"

तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते. नव्या गावातलं पहिलं वर्ष पब्लिक शाळेत काढा, घर भाड्याने घ्या, आणि त्या वर्षात आजूबाजूच्या शाळा नीट बघून घ्या. नवीन गावात आपल्याला काहीच माहीत नसतं, त्यामुळे पहिल्या वर्षीचा निर्णय चुकण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पब्लिक शाळेचा निर्णय चुकला तर मोडता येतो, प्रायव्हेटचा मोडायला पैसे मोजावे लागतात. याला अपवाद आहेत, तेही पुढे सांगते.

भारतातून नव्याने येणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. आपल्याकडे "सरकारी शाळा" म्हटलं की जे चित्र डोळ्यांसमोर येतं, ते इथे लावू नका. इथे दहातलं एखादंच मूल प्रायव्हेट शाळेत जातं. डॉक्टरांची, प्राध्यापकांची, बस चालवणाऱ्यांची मुलं एकाच पब्लिक शाळेत असतात. आणि अख्ख्या देशाची म्हणून एक पब्लिक शाळा नाहीच. सुमारे १३,००० स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळा चालवणारी स्थानिक मंडळं आहेत, प्रत्येकाचा कारभार वेगळा, पैशाचा मोठा वाटा तिथल्या घरपट्टीतून येतो. म्हणून "पब्लिक चांगलं का?" याला उत्तर नाही. "या पत्त्यावरची ही शाळा माझ्या या मुलाला चांगली का?" याला उत्तर मिळू शकतं, आणि ते शोधायचं कसं तेवढंच मी सांगू शकते.

आधी पत्ता, मग शाळा

पब्लिक शाळेत प्रवेश पत्त्यावर मिळतो. लीज आणि विजेचं किंवा पाण्याचं बिल दाखवलं की वर्षातल्या कुठल्याही महिन्यात शाळा मुलाला घेते. नोव्हेंबरच्या मध्यात आलात तरी नाही म्हणत नाही. व्हिसा कुठला याने फरक पडत नाही. एच-४, एल-२ वर आलेली मुलं बिनदिक्कत जातात, आणि इमिग्रेशनच्या कारणावरून मुलाला शाळा नाकारता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने १९८२ साली प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात ठरवून टाकलं आहे.

पण पत्ता म्हणजे नेमकं काय, इथे लोक फसतात. गावाची हद्द आणि शाळेची हद्द एक नसते. झिप कोड एकच असून रस्त्याच्या दोन बाजूंच्या शाळा वेगळ्या, इतकंच काय डिस्ट्रिक्टही वेगळं, असं सर्रास असतं. घराच्या जाहिरातीत लिहिलेल्या शाळेवर विश्वास ठेवू नका. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर पत्ता टाकून शाळा शोधायची सोय असते, तिथे घरनंबरासकट पत्ता टाकून बघा आणि मग ऑफिसला फोन करून एक प्रश्न विचारा: "या पत्त्यावरच्या नव्या मुलाला याच शाळेत जागा मिळेल का?" झपाट्याने वाढणाऱ्या भागांत शाळा भरतात आणि नव्याने येणाऱ्यांना लांबच्या शाळेत पाठवतात. आमच्या वेक काउंटीत काही शाळांवर अशी मर्यादा लावलेली असते, "कॅप" म्हणतात तिला. घरासमोर शाळा आणि मूल मात्र बसने चार मैलांवर, असं आमच्या शेजाऱ्यांचं झालं. त्यांनी घर घेताना हा फोन केला नव्हता.

तारखा पण बघा. जॉर्जियात बऱ्याच शाळा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भरतात, न्यू जर्सीत लेबर डे, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, झाल्यावर. वेक काउंटीत तर काही प्राथमिक शाळा बारमाही कॅलेंडरवर चालतात. साधारण ४५ दिवस शाळा, १५ दिवस सुट्टी, आणि वर्षाची सुरुवात जुलैत. "ऑगस्टअखेर जाऊ, मग बघू" असं म्हणून आलात तर मूल वर्गात पोचेपर्यंत बाकीच्यांचे दोन धडे होऊन गेलेले असतात.

किंडरगार्टनच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाच्या, वयाची तारीखही राज्यागणिक वेगळी. टेक्सासमध्ये १ सप्टेंबरला पाच पूर्ण लागतात. न्यूयॉर्क शहरात ३१ डिसेंबरपर्यंत पाच होणारं मूलही चालतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जन्मलेलं मूल असेल तर राज्य बदलताना हे सगळ्यात आधी तपासा. एका राज्यात किंडरगार्टन सुरू झालेलं मूल दुसऱ्या राज्यात वयात बसत नाही म्हणून अडतं. प्रायव्हेट शाळा अशा मुलाला घेते, पण पुढच्या वर्षी पब्लिकची पहिली त्याला थेट घेईल का, हे त्या डिस्ट्रिक्टला आधी विचारून घ्या. लेखी उत्तर मागा.

करार

डॅलसला गेलो तेव्हा आमची जी चूक झाली ती सांगते.

जुलैत पोचलो. अपार्टमेंट घेतलं तिथल्या शाळेचं रेटिंग दहापैकी चार. घरं शोधायच्या साइटवर तो आकडा घराच्या फोटोखालीच दिसतो. मला रात्रभर झोप आली नाही. थोरली तिसरीत जाणार होती, न्यू जर्सीच्या पब्लिक शाळेत तीन वर्षं छान रमलेली. तिला "चार"च्या शाळेत टाकायचं या विचाराने पोटात गोळा आला. गावात एक प्रायव्हेट शाळा होती, कुणीतरी आयत्या वेळी सोडल्याने तिसरीत एक जागा मोकळी झालेली. वर्षाची फी साडेचौदा हजार डॉलर. दोघांची झेपणार नव्हती, म्हणून थोरलीला तिथे घातलं आणि धाकट्याला किंडरगार्टनसाठी त्या "चार"च्या पब्लिक शाळेत. करारावर सही केली. वाचला नाही. ऑफिसमधल्या बाईंनी पानं पुढे केली, मी सह्या करत गेले.

ऑक्टोबरपर्यंत थोरली कोमेजली होती. वर्गात बारा मुलं, त्यांतल्या मुली बालवाडीपासून एकत्र. आमच्या इमारतीतलं एकही मूल त्या शाळेत नाही, त्यामुळे संध्याकाळी खाली खेळायला गेली तरी तिच्याकडे बोलायला काही नाही. बस नाही, रोज जाऊन-येऊन सत्तर मिनिटं गाडीत. आम्ही तिला काढायचं ठरवलं, तेव्हा पहिल्यांदा करार उघडला. जूननंतर कुठल्याही कारणाने सोडलं तरी वर्षभराची फी देणं बंधनकारक होतं. आम्ही पत्र लिहिलं, भेटलो, विनंती केली. एक डॉलर सुटला नाही. शेवटी तिने वर्ष तिथेच काढलं.

अशी अट बहुतेक प्रायव्हेट शाळांच्या करारात असते, त्यामुळे सही करण्याआधी हे तीन मुद्दे शोधा. पूर्ण फीची जबाबदारी कुठल्या तारखेपासून लागू होते. नोकरीमुळे गाव सोडावं लागलं तर सूट आहे का. आणि शाळा फीचा विमा घ्यायला लावत असेल तर त्यात बदली धरली आहे का, की फक्त आजारपण. सूट लिहिलेली नसेल तर एक ओळ घालून द्या असं सांगा. मागितलं म्हणून कुणी रागावत नाही, आणि काही शाळा देतातही. आपल्यासारख्या व्हिसावर राहणाऱ्या, कंपनी म्हणेल तिकडे जाणाऱ्या माणसांसाठी ही ओळ शाळेच्या इमारतीपेक्षा महत्त्वाची आहे.

प्रायव्हेटचं वेळापत्रकही माहीत असू द्या. अर्ज हिवाळ्याच्या सुरुवातीला, डिसेंबर-जानेवारीत मुदत संपते, मार्चच्या आसपास निकाल. तुमची बदली मे महिन्यात ठरली तर ही गाडी निघून गेलेली असते. तरीही फोन करा. इतर कुटुंबंही उन्हाळ्यात गाव सोडतात आणि जागा होतात. चार्टर (सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभाराच्या) आणि मॅग्नेट (एखाद्या विषयावर भर देणाऱ्या) शाळा पब्लिकच, फी नाही, पण प्रवेश बहुधा लॉटरीने आणि लॉटरी साधारण हिवाळ्यात किंवा वसंतात. पहिल्या वर्षी त्या हुकतात. दुसऱ्या वर्षासाठी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

त्या आकड्याचं काय करायचं

आता धाकट्याची गोष्ट. "चार"च्या शाळेत तो फुलला. त्याच्या बाई बारा वर्षं त्याच वर्गाला शिकवत होत्या. डिसेंबरमध्ये तो तीन अक्षरी इंग्रजी शब्द वाचत होता, मे महिन्यात छोटी पुस्तकं. मी दर शुक्रवारी वर्गात मदतीला जायचे, आणि जाऊन बसल्यावरच मला त्या आकड्याचा उलगडा झाला.

त्या शाळेतल्या निम्म्या मुलांच्या घरी स्पॅनिश बोलतात. फेडरल कायद्याप्रमाणे तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची राज्यपातळीवरची परीक्षा होते, आणि रेटिंगमध्ये या गुणांचा मोठा भाग असतो. दोन वर्षांपूर्वी इंग्रजी शिकायला लागलेलं मूल तिसरीच्या परीक्षेत इंग्रजी उतारे वाचतं तेव्हा गुण कमी येणारच. त्यावरून बाई कशा शिकवतात हे कळत नाही, मुलांच्या घरी काय परिस्थिती आहे ते कळतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शॉन रीअर्डन यांनी देशभरातल्या डिस्ट्रिक्टांचे कोट्यवधी निकाल एकत्र करून नेमकं हेच दाखवलं. सरासरी गुण पालकांच्या उत्पन्नाबरोबर चढतात-उतरतात. पण मुलं दरवर्षी किती पुढे सरकतात, ही वाढ उत्पन्नाला तितकी बांधलेली नाही. २०१७ साली त्यांनी शिकागोचं उदाहरण दिलं होतं. तिथली मुलं तिसरीत देशाच्या सरासरीच्या मागे, पण आठवीपर्यंतच्या पाच वर्षांत सहा वर्षांइतकी प्रगती करत होती. म्हणून राज्याच्या वेबसाइटवर शाळेचं रिपोर्ट कार्ड उघडा आणि "ग्रोथ" नावाचा रकाना बघा. एकूण रेटिंग दोन-तीन असेल तर कारण विचारा. चार असो वा नऊ, त्या आकड्यावर घर ठरवू नका. नऊच्या शाळेत ग्रोथ साधारण असल्याचंही मी पाहिलं आहे. तिथली निम्मी मुलं संध्याकाळी खासगी क्लासला जातात.

प्रायव्हेट शाळांना ही परीक्षा फेडरल कायद्याने सक्तीची नाही, त्यामुळे त्यांचे असे आकडे सहसा मिळतच नाहीत. दोघांची तुलना करायचा प्रयत्न संशोधकांनी केला आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातले रॉबर्ट पियान्टा आणि अर्या अन्सारी यांनी एक हजारावर मुलांचा जन्मापासून पंधराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला आणि २०१८ साली निष्कर्ष मांडला. प्रायव्हेटमधली मुलं पुढे दिसतात, पण कुटुंबाचं उत्पन्न हिशोबात धरलं की तो फरक उरत नाही. आम्ही फी भरली त्या वर्षी हे माझ्या वाचनात असतं तर बरं झालं असतं.

वर्गात बसून बघा

शाळा दाखवायला नेतात तेव्हा वाचनालय, जिम, बाग दाखवतात. ते सगळं बघा, पण पहिली-दुसरीच्या वर्गात वीस मिनिटं बसू द्या असं सांगा, आणि वाचनाच्या तासालाच बसा. माझ्या मते प्राथमिक शाळेची सगळ्यात खरी परीक्षा तिथे होते.

धाकट्याच्या वर्गात अर्धगोल टेबलाभोवती पाच मुलं बसायची, मधल्या खाचेत बाई. एका मुलीपुढे पान होतं, त्यावर पाण्यातल्या जहाजाचं चित्र आणि खाली एक शब्द. मुलीने चित्र बघितलं आणि म्हणाली, "बोट." बाईंनी काही न बोलता चित्रावर तळहात ठेवला. दुसऱ्या हाताचं बोट शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांखाली. "ही दोघं मिळून काय म्हणतात?" मुलीने ओठांचा चंबू केला, "श्श..." बाईंचं बोट पुढे सरकलं. "श्श... इ... प." मग एकदम मान वर. "शिप!" बाईंनी हात काढला, चित्र पुन्हा दिसलं, आणि मुलगी हसली.

प्रायव्हेट शाळेत थोरलीचा प्रवेश घेताना मी अशाच एका तासाला उभी होते. तिथल्या बाई अडलेल्या मुलाला म्हणाल्या, "चित्र बघ, काय असेल बरं?" मुलाने अंदाज केला, तो जमला, शाबासकी मिळाली. मला तेव्हा ते छान वाटलं होतं. चित्रावरून ताडायची ही सवय चित्रं संपतात तेव्हा, म्हणजे तिसरी-चौथीत, मुलाला अडवते. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० सालीच सांगितलं आहे की अक्षर आणि ध्वनी यांची सांगड पद्धतशीर शिकवावी लागते. आपण बाराखडीवर वाढलेली माणसं, अक्षर दिसलं की उच्चार हातात. इंग्रजीत तसं नसल्यामुळे तिथे ही सांगड कुणीतरी बसून घालून द्यावी लागते, हे आपल्या लक्षातच येत नाही. म्हणून भेटीत विचारा: "मूल शब्दावर अडलं तर तुम्ही काय सांगता?" "चित्र बघायला" हे उत्तर आलं तर शाळा पब्लिक असो की प्रायव्हेट, पुढे जा.

वर्गात मुलं किती, हे लहान इयत्तांसाठी महत्त्वाचं आहे. टेनेसी राज्याने १९८५ पासून चार वर्षं किंडरगार्टन ते तिसरीच्या मुलांना चिठ्ठ्या टाकून लहान आणि मोठ्या वर्गांत वाटलं होतं. १३ ते १७ च्या वर्गातली मुलं २२ ते २५ च्या वर्गापेक्षा वाचनात आणि गणितात पुढे गेली. टेक्सासमध्ये चौथीपर्यंत २२ ची मर्यादा आहे, पण डिस्ट्रिक्ट त्यातून सूट मागू शकतं, म्हणून "आत्ता या वर्गात किती?" असंच विचारा. दुसरं, गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले. तिसरं, वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलासाठी पहिल्या आठवड्यात काय करता. या शेवटच्या प्रश्नावर मुख्याध्यापक क्षणभर विचारात पडले तर समजा, काही करत नाहीत. वेकमधल्या शाळेत उत्तर तयार होतं. त्याच बसने जाणारं एक मूल जोडीला देतात, आणि जेवणाच्या टेबलावर त्याच्या शेजारी बसवतात.

आणि तीन वाजल्यानंतर काय? बऱ्याच प्राथमिक शाळा अडीच-तीनला सुटतात. दोघं नोकरी करत असाल तर शाळेनंतरच्या पाळणाघराची प्रतीक्षायादी केवढी आहे ते प्रवेशाच्या दिवशीच विचारा. आमच्या ओळखीत एका जोडप्याने निव्वळ याच कारणासाठी प्रायव्हेट घेतली, संध्याकाळी सहापर्यंत मूल तिथेच. मला त्यांचा निर्णय बरोबर वाटतो.

मुलाला मदत लागत असेल तर

धाकटा साडेचार वर्षांचा होऊनही "क" म्हणत नव्हता. कुत्र्याला "तुत्रा", काकाला "ताता". सासूबाई म्हणायच्या, बोलेल हळूहळू. टेक्सासला आल्यावर किंडरगार्टनच्या बाईंनी तिसऱ्याच आठवड्यात फोन केला आणि तपासणीसाठी संमती मागितली.

त्या तपासणीत स्पीच थेरपिस्टने मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "मराठीतही हाच आवाज चुकतो का?" मी म्हटलं, "हो, कुत्रा नाही म्हणता येत." त्यांनी मला तो शब्द तीनदा म्हणायला लावला, स्वतः म्हणून बघितला, वहीत इंग्रजी अक्षरांत लिहिला, मग धाकट्याला म्हणायला सांगितला. चूक दोन्ही भाषांत असेल तर ती उच्चाराची अडचण. एकाच भाषेत असेल तर ती भाषा अजून शिकायची राहिली आहे, एवढंच. भारतीय घरातलं मूल आहे म्हणून वाट बघू, असं त्यांनी म्हटलं नाही. त्यानंतर आठवड्यातून दोनदा अर्धा तास, शाळेतच, एक पैसा न घेता.

हा त्याचा हक्क होता. १९७५ सालच्या कायद्याने, ज्याला आता आयडिया म्हणतात, अशी गरज असलेल्या प्रत्येक मुलाला पब्लिक शाळेने मोफत आणि त्याच्या गरजेप्रमाणे शिक्षण द्यायचं असतं. त्याचा लेखी आराखडा म्हणजे आयईपी. पालकांनी लेखी संमती दिली की तपासणी ६० दिवसांत व्हावी लागते, किंवा राज्याने वेगळी मुदत ठरवली असेल तर तेवढ्यात. आणि गाव बदलणाऱ्यांसाठी सगळ्यात मोलाची गोष्ट: आयईपी घेऊन नव्या डिस्ट्रिक्टमध्ये गेलात तर त्यांना लगेच तशाच तोडीची मदत सुरू करावी लागते. आम्ही वेकला आलो तोवर "क" आणि "ग" सुटले होते, इंग्रजीतला "र" राहिला होता. दुसऱ्या आठवड्यात त्याची थेरपी सुरू झाली.

स्वतःहून प्रायव्हेट शाळेत घातलेल्या मुलाला हा हक्क असाच्या असा मिळत नाही. थोडीफार मदत मिळू शकते, हमी नसते. म्हणून मुलाला आयईपी असेल, किंवा मनात शंका असेल, तर माझा स्पष्ट सल्ला पब्लिकचा. अशा मुलासाठीच खास काढलेल्या प्रायव्हेट शाळा असतात, त्यांची गोष्ट वेगळी.

इंग्रजीबद्दलही एक कळकळीची विनंती आहे. प्रवेशाच्या अर्जात विचारतात, घरी कुठली भाषा बोलता? मराठी बोलत असाल तर मराठी लिहा. पुष्कळ जण मुलावर शिक्का बसेल या भीतीने "इंग्रजी" लिहितात. थोरलीच्या अर्जावर मी मराठी लिहिलं, छोटी चाचणी झाली, वर्षभर रोज अर्धा तास ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या, बाईंकडे गेली, दुसऱ्या वर्षी सुटली. तिथे तिला पहिली मैत्रीण मिळाली, कोरियाहून आलेली. भाषेची ही मदत देणं पब्लिक शाळेवर बंधनकारक आहे, १९७४ पासून, लाउ विरुद्ध निकोल्स या खटल्यानंतर.

मग प्रायव्हेट कधी?

तीन वाजल्यानंतरची अडचण हे एक कारण झालं. मोठ्या गलक्यात मिटून जाणारं मूल, ज्याला लहान वर्ग आणि तीच माणसं वर्षानुवर्षं हवीत, हे दुसरं, मात्र तेव्हा तुम्ही त्या गावात वर्षानुवर्षं राहणार आहात याची खात्री हवी. मॉन्टेसरी मनापासून पटत असेल तर जरूर घ्या. फक्त "मॉन्टेसरी" हे नाव कुणीही लावू शकतं, म्हणून शाळेला एएमआय किंवा एएमएस या मॉन्टेसरी संस्थांची मान्यता आहे का आणि शिक्षकांचं प्रशिक्षण कुठलं ते विचारा. कॅथलिक शाळा इतर प्रायव्हेटपेक्षा बहुधा स्वस्त असतात आणि दुसऱ्या धर्माच्या मुलांनाही घेतात, पण धर्माचा तास सगळ्यांना असतो. तो चालेल का, हे घरी आधी बोलून घ्या.

पैशांचा विचार करताना फी एवढाच आकडा धरू नका. नोंदणी, पुस्तकं, गणवेश, देणगीची अपेक्षा, पेट्रोल, हे मिळवा. दुसरं मूल असेल तर दुपटीने. काही राज्यांत आता प्रायव्हेट फीसाठी सरकारी खात्यातून पैसे मिळतात. ॲरिझोनाने २०२२ मध्ये आणि फ्लोरिडाने २०२३ मध्ये ही सोय सगळ्या मुलांसाठी खुली केली. घेण्याआधी अटी वाचा, कारण पैसे घेताना मूल पब्लिक शाळेतले काही हक्क सोडतं, आयईपीचाही.

कागद हातातल्या बॅगेत

जन्मदाखला, पासपोर्ट, जुन्या शाळेचे निकाल, आयईपी असेल तर त्याची पूर्ण प्रत, आणि लसींचं कार्ड. सामानाच्या ट्रकमध्ये यातलं काहीही टाकू नका.

लसींबद्दल सांगते, कारण भारतातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराचं इथे अडतं. न्यू जर्सीच्या ऑफिसात नर्सने थोरलीचं कार्ड समोर घेतलं आणि पेन्सिलीने एकेक तारीख तपासत गेली. गोवराच्या पहिल्या डोसवर पेन्सिल थांबली. नवव्या महिन्यातला होता. "हा धरता येत नाही." इथे एमएमआरचा पहिला डोस पहिल्या वाढदिवसानंतरचाच मोजतात, आणि दोन लागतात. आपल्याकडे नवव्या महिन्यात देतात तो बाद होतो. कांजिण्यांची लस पुष्कळदा दिलेली नसते, पोलिओचा चौथ्या वाढदिवसानंतरचा डोस राहिलेला असतो. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून हे देऊन घ्या आणि कार्डावर तारीख पूर्ण लिहून घ्या, महिना-वर्ष पुरत नाही. क्षयाची तपासणी मागितली तर रक्ताची चाचणी करा म्हणून सांगा. बीसीजी दिलेल्या मुलाची कातडीवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही.

आणि शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी मुलांना तिकडे घेऊन जा. शाळेचं मैदान सुट्टीच्या दिवशी बहुतेक ठिकाणी उघडं असतं. वेकला आम्ही गेलो तेव्हा ऊन उतरलेलं होतं, कुणी नव्हतं. धाकटा काचेला नाक लावून आत बघत राहिला. त्याने बसचा थांबा शोधला, पाण्याचा नळ शोधला, मग झोपाळ्यावर बसला. घरी यायला अंधार पडला.